बाबांच्या खोलीतली कोठी

"कोणाच्या खोलीत दिवा चालू आहे?"

जिन्याच्या तळाशी उभं राहून बाबा हे विचारायचे, तेव्हा थोरला शाळेत जायचा आणि धाकटी अजून बोबडं बोलायची. बाबा वीज कंपनीत मीटर वाचायच्या कामावर होते. परक्या घरांत मीटरचं चाक भराभर फिरताना बघून त्यांना काही वाटायचं नाही, पण स्वतःच्या घरातलं चाक एक फेरा जास्त फिरलं तर ते थेट त्यांच्या काळजावरून फिरायचं. त्या एका हाकेसरशी वरच्या खोलीतला दिवा विझायचा, मग मधल्या खोलीतला, मग मोरीतला. घर असं विझत विझत खाली यायचं.

पुढे आवाज थकला. गुडघे थकले. आई गेली, आणि बाबांनी आपलं अंथरूण खालच्या लहान खोलीत आणलं. हाक बंद झाली, पण ती घरातल्यांच्या बोटांत उतरून बसली होती. थोरल्याच्या बायकोला ती लग्नानंतर लागली, लेकीला पाळण्यातच. फोनवर बोलत, भांडत, अर्धवट झोपेत, कसाही असो, या घरातला माणूस खोलीबाहेर पडताना भिंतीवरून हात फिरवूनच जायचा.

अशा घरात थोरल्याने रात्रंदिवस चालू राहणारं यंत्र आणायचं ठरवलं.

त्याला कारण होता बाबांचा फोन. तो म्हातारा झाला होता. मधेच तापायचा, मधेच डोळे मिटायचा. आणि त्या फोनात आईची एक क्लिप होती. आईचे फोटो सगळ्यांकडे होते, पण आवाज फक्त त्या एका क्लिपमध्ये. बाबांनी ती काढली होती, म्हणजे काढायचा प्रयत्न केला होता. पूर्ण वेळ कॅमेऱ्यावर बाबांचं बोट. दिसायचं काहीच नाही, नुसता तांबूस अंधार, आणि त्या अंधारातून आई म्हणायची, "अहो, बोट! बोट काढा आधी. कुठलं काय विचारता, तुमचंच!" मग ती हसायची, आणि संपायचं. बाबांनी ती कधी कोणाला पाठवली नाही. पाठवता येत नव्हतं, आणि पाठवून द्या म्हणायला लाज वाटत होती.

"घरातली सगळी चीजवस्तू एका जागी हवी," थोरला जेवताना म्हणाला. तो विमा कचेरीत होता, आणि नुकसान होण्याआधी बोलायची त्याला सवय होती. "फोन काय, आज आहे उद्या नाही. आपण आपली कोठी करू. घरचा सर्व्हर. सगळ्यांचे फोटो, सगळ्यांचे व्हिडिओ, वायफायवरून कोणीही उघडावेत."

"आणि महाग किती पडेल?" बायकोने विचारलं.

"महाग कसलं! जुन्यातून बांधायचं."

जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानातून त्याने एक डबा आणला. त्याची एक बाजू हरवली होती, तिथे थोरल्याने पुठ्ठा लावला. आत दोन हार्ड डिस्क बसवल्या, दोन्ही एकाच कचेरीतून एकाच दिवशी निवृत्त झालेल्या.

"दोन कशाला?"

"एकीत जे लिहिलं ते दुसरीत आपोआप उमटतं. एक गेली तरी दुसरी असतेच. जुळ्या आहेत म्हण."

"जुळ्यांना तापही एकदमच येतो," बायको म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

थोरल्याने ते मनावर घेतलं नाही. त्याने एकेकाचा फोन हातात घेऊन सगळं कोठीत भरलं. लांब गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या धाकटीलाही बोलावून घेतलं, तिचंही भरलं. "आता आपापल्या फोनातलं काढून टाका," त्याने बजावलं, "जागा मोकळी होईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबांच्या फोनातलं मात्र त्याने स्वतःच्या हातांनी पुसलं. तो फोन आता दुरुस्तीच्या पलीकडे होता. त्यांना नवा आणून दिला आणि नव्यावर कोठीतली क्लिप लावून दाखवली. तांबूस अंधार आला. "अहो, बोट!" बाबा ऐकून हसले, आणि फोन पालथा ठेवला.

कोठी आधी बैठकीत होती. पहिल्याच सकाळी बायको केर काढून बाहेर पडली आणि जाता जाता भिंतीवरून हात फिरवला. कोठी गेली.

"अगं, तू बंद केलीस!"

"मी कुठे काय केलं?" ती खरोखर आश्चर्याने म्हणाली. हाताने केलं होतं, तिने नव्हे.

थोरल्याने बटणावर चिठ्ठी लावली, 'हात लावू नये'. लेकीने चिठ्ठी वाचली, वाचता वाचता बटण बंद केलं आणि कॉलेजला गेली. त्याने बटणावर चिकटपट्टी मारली. धाकटी भेटायला आली, तिने जाताना "कोणी हा कचरा चिकटवला गं?" म्हणून पट्टी नखाने सोलून काढली, बटण बंद केलं आणि पट्टीची गोळी करून टोपलीत टाकली. बापाचं वळण ते, लग्न होऊन गेली तरी बोट माहेरचंच होतं.

मग कोठी चपलांच्या कपाटात लपवली. तिथे कोणाचा हात पोचला नाही, वाराही पोचला नाही. संध्याकाळी घरात भाजक्या रबराचा वास सुटला आणि लेकीच्या नव्या बुटांचा तळवा पुठ्ठ्याला चिकटून वर आला.

"आता एकच जागा," बायको बूट सोडवत म्हणाली. "बाबांची खोली. दुपारी तिथे कोणी जात नाही."

"पण बाबाच तर..."

"त्यांनी शब्द दिला तर पाळतील."

थोरला बाबांच्या दारात उभा राहिला. तसा तो रोजच उभा राहायचा. कचेरीतून आला की दारातूनच "गोळ्या घेतल्या का?" विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर असायचा. आज आत आला.

"बाबा, तुमच्या टेबलावर हे ठेवू? कायम चालू ठेवायला लागतं. थोडा आवाज आहे पंख्याचा."

बाबांनी डब्याकडे बघितलं, त्याच्या हिरव्या दिव्याकडे बघितलं. गळ्याशी एक जुना प्रश्न आला असावा, तो त्यांनी गिळला. "ठेव," ते म्हणाले. "मी बटणाला हात लावणार नाही."

काही दिवस कोठी सुरळीत चालली. थोरला पुन्हा दारातून विचारायला लागला. मग एका संध्याकाळी तो आला तर कोठी बंद.

वायर जागेवर, बटण चालू, आणि डबा गप्प. तो स्टूल ओढून बसला, पुठ्ठा काढला. बाबांनी विजेरी धरली.

"हे काय रे?"

"हा पंखा, बाबा."

"आणि ही?"

"ही डिस्क. यात सगळं असतं."

"अस्सं." बाबांनी विजेरी जवळ आणली. "एवढीशी?"

सूनबाईने दोघांचा चहा तिथेच आणून दिला. थोरल्याने कोठी सुरू केली, आणि कचेरीतल्या नव्या साहेबाची नक्कल करून दाखवली. बाबांना ठसका लागला.

दोन-चार दिवसांनी पुन्हा बंद. मग पुन्हा. थोरल्याने आधी उंदरावर संशय घेतला आणि टेबलाखाली पिंजरा लावला. मग मिक्सरवर घेतला, म्हणून आठवडाभर सगळ्यांनी हाताने कुटलेली चटणी खाल्ली. मग विजेच्या दाबावर घेतला आणि बॅटरीचा एक जडशीळ डबा आणून जोडला. "आता अख्ख्या गावाची वीज गेली तरी ही हलायची नाही." वीज गेली नाही. कोठी तेवढी गेली.

शेवटी तो बायकोकडे वळला.

"तू जातेस का गं दुपारी त्या खोलीत?"

"मी? बरं. म्हणजे आता मीच चोर."

"तसं नाही म्हटलं."

"मग कसं म्हटलंत?"

बाबा आतून म्हणाले, "सूनबाई आली नव्हती हां दुपारी." त्यांची साक्ष नेहमी खरी असायची.

"मग बाबा, मांजर?"

"मांजर नाही."

"मग तुमची नात?"

"ती कॉलेजात."

याहून पुढे विचारायला घरात कोणी उरलं नव्हतं, असं थोरल्याला वाटलं. बायको चार दिवस त्याच्याशी फक्त भाजीपुरतं बोलली.

असं विझत, पेटत, विझत, पेटत असताना जुळ्यांतल्या एकीने टकटक सुरू केली. लाकडात किडा बोलावा तसं. थोरल्याने कान लावला आणि तो पांढरा पडला. दुसऱ्या संध्याकाळी तो दुकानातून तिसरी डिस्क घेऊन आला, आजारी काढली, ही बसवली. बाबा विजेरी धरून होते. बाहेर अंधारलं होतं, खोलीत चहाचे कप होते.

"झालं!" थोरल्याने शेवटचा स्क्रू पिळला. "दुकानदार म्हणाला, त्या डिस्कमुळेच बंद पडत होती. आता पक्कं काम. आता तुम्हाला रोज माझी कटकट नाही."

"बरं झालं," बाबा म्हणाले. विजेरी मात्र त्यांनी बऱ्याच वेळाने विझवली. या घरात असं कधी झालं नव्हतं, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

आता उरलेल्या एका डिस्कने आपल्या पोटातलं सगळं नवीला सांगायचं होतं. ते काम थोरल्याने दुसऱ्या दिवशी कचेरीत डबा खाता खाता फोनवरूनच सुरू केलं आणि शेजारच्या टेबलावरच्याला ऐटीत दाखवलं. घरी कोणाला कळवलं नाही. त्यात कळवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलं नाही. दुपार कलायला लागली. फोनवरची हिरवी रेघ निम्म्यापर्यंत आली होती, ती तिथेच थांबली आणि मग दिसेनाशी झाली.

संध्याकाळी त्याने कोठी सुरू केली. नवी डिस्क फिरली, पण तिला सगळं अर्धवटच सांगून झालं होतं, त्यातलं काही उघडेना. जुनी फिरलीच नाही. दमलेलं माणूस वाटेत टेकतं आणि मग उठतच नाही, तशी. तो तिला टॉवेलात गुंडाळून दुकानात घेऊन गेला. दुकानदाराने ती कानाशी धरून हलवली.

"साहेब, ही झिजलेलीच होती. चालू होती तोवर चालू होती. हिला सारखी झोपवली-उठवली कोणी?"

"कोणीच नाही," थोरला म्हणाला.

घरी येऊन त्याने धाकटीला फोन लावला. बोलायच्या आधी दोनदा घसा खाकरला.

"अगं, सगळे फोटो गेले. तुझेपण."

"दादा, तू रागावू नकोस हं. मी माझ्या फोनातलं काही काढलंच नव्हतं."

"मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस. पण तू लहानपणी माझी सायकलही दुरुस्त केली होतीस."

बायकोनेही काढलं नव्हतं. लेकीकडे तर तीन ठिकाणी होतं. आणि खरं सांगायचं तर खुद्द थोरल्याचे फोटोही कचेरीच्या खणात एका पेन ड्राइव्हवर होते, असू द्यावेत म्हणून. कोठीवर अख्ख्या घरात कोणाचाच विश्वास नव्हता. ज्यांचा होता त्यांच्या फोनातलं त्याने स्वतःच पुसलं होतं.

तो बाबांच्या खोलीत गेला आणि स्टुलावर बसला. टेबलावर डबा होता, पुठ्ठा काढलेला, दिवा नसलेला.

"बाबा, ती आईची क्लिप..."

"हं."

"ती नाही राहिली. सगळीकडे शोधली. माझंच चुकलं. स्वस्तातलं आणायला नको होतं. निदान तुमच्या जुन्या फोनातली तरी ठेवायला हवी होती." त्याने डब्याच्या वायरी गोळा करायला घेतल्या. "आज हे उचलून नेतो. उगाच तुमच्या उशाशी इतके दिवस..."

"राहू दे."

"आता काय उपयोग?"

बाबा पलंगाच्या कडेला बसले होते, हात मांडीवर, तळवे वर. "तुझं नाही चुकलं," ते म्हणाले.

"मग कोणाचं, त्या दुकानदाराचं?"

"वायर मी काढायचो."

थोरल्याच्या हातातली वायर तशीच राहिली.

"मागची. डब्यातली. दुपारी ओढायचो आणि परत बसवून ठेवायचो. बटणाला हात लावला नाही मी."

"अहो, पण... पंख्याचा त्रास होत होता? मग सांगायचं ना, बाबा!"

"पंख्याचं काय. तुझ्या आईशेजारी झोपलोय मी जन्मभर. तिच्या घोरण्यापुढे हे म्हणजे अगदीच पोरकट."

थोरल्याला हसू आलं, आणि ते अर्ध्यातच थांबलं. "मग बिलासाठी?"

"नाही रे." बाबांनी मान हलवली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज झाला आणि थांबला. "तिचा आवाज त्यात होता, हे मला माहीत होतं. असं होईल हे नव्हतं माहीत. काल तू पक्कं झालं म्हणालास, तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगवलं." त्यांनी डब्याकडे बघितलं, मग स्टुलाकडे. "ते चालू असलं की तू दारातूनच जायचास रे. बंद पडलं की येऊन बसायचास."