मार्लीसबाईंचा बिस्किटांचा तास

मंगळवारी सकाळी दहा वाजता मार्लीसने बिस्किटांनी गच्च भरलेला पत्र्याचा डबा सभाघरातल्या टेबलावर ठेवला आणि देवाचं नाव घेतलं. एरवी ती देवाच्या वाटेला फारशी जात नसे. पण आज मागच्या खुर्चीवर संस्थेचे पर्यवेक्षक कायपर्स वही उघडून बसले होते. तास चांगला झाला तर नोकरी कायम. नाही तर उन्हाळ्यानंतर इंग्रजीचा वर्ग बंद आणि मार्लीस घरी. सहा वर्षं ती दर वर्षी नव्या कराराची वाट बघत आली होती, आणि आता त्या वाट बघण्याचाच तिला वीट आला होता.

वर्गात सात जण, सगळे सत्तरीपुढचे. कुणाची नातवंडं न्यूझीलंडला, कुणाची कॅनडाला. त्यांच्याशी दोन शब्द बोलता यावेत एवढीच सगळ्यांची इच्छा. पण घोडं पेंड खात होतं ते 'पुष्कळ'पाशी. डच माणूस गाई आणि दूध, दोन्हींना एकच 'पुष्कळ' लावून जन्म काढतो. इंग्रजांना मात्र गाईंचं पुष्कळ वेगळं लागतं आणि दुधाचं वेगळं. वर अनेकवचनांचे हाल निराळेच. सहा आठवडे झाले तरी वर्ग 'मेनी मिल्क' आणि 'मच काऊ' याच्या पुढे सरकला नव्हता.

म्हणून मार्लीसने युक्ती काढली. चिठ्ठी उचलायची, तिच्यावर जो शब्द असेल तेवढी बिस्किटं घ्यायची आणि इंग्रजीत सांगायचं. वस्तू हातात आली की शब्द डोक्यात बसतो, असं तिने कुठेतरी वाचलं होतं.

प्रत्येकाला कपभर कॉफी ओतून झाली. पहिली चिठ्ठी हेनीने उचलली. गावच्या शाळेत चाळीस वर्षं घंटा वाजवलेली बाई, अगदी शिस्तीची. चिठ्ठीवर होतं 'मेनी'. मार्लीसने डबा पुढे केला. हेनीने एक बिस्कीट घेतलं.

"आय टेक वन बिस्किट," ती म्हणाली.

"छान! पण चिठ्ठीवर काय लिहिलंय?"

"मेनी."

"मग?"

"नको, थँक यू. माझा नाश्ता झालाय."

मार्लीस हसली. कायपर्सांनी काहीतरी लिहून घेतलं.

पुढची पाळी रूलॉफची. बटाट्याची शेती पोराच्या हवाली करून हा गडी आता इंग्रजीच्या मागे लागला होता. त्याला 'अ फ्यू' आलं. त्याने डब्यात बराच वेळ पाहिलं, एक बिस्कीट उचललं, विचार केला आणि बशीत त्याचे तीन तुकडे केले.

"झाले का 'फ्यू'?" त्याने अभिमानाने विचारलं.

यान्नाने तर चिठ्ठी वाचली आणि ती लाजून लाल झाली. "अ लॉट ऑफ" तिच्या वाट्याला आलं होतं. "बाई, मला दुसरी द्या ना," ती म्हणाली. "ही माझ्या स्वभावाची नाही."

मार्लीसच्या तोंडचं पाणी पळालं. यांना शब्द कळत नाहीत, की तिचं शिकवणंच कच्चं आहे? तिने फळ्यावर ढीगभर बिस्किटं काढून दाखवली. सगळ्यांनी चित्राचं कौतुक केलं, आणि ज्याने त्याने एकेकच उचललं. मागे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. तासात डच बोलायचं नाही हा नियम तिचाच. पण तो तर केव्हाच मोडला होता. ती रूलॉफच्या कानाशी वाकली.

"रूलॉफ, 'मेनी' म्हणजे काय, माहीत आहे ना तुम्हाला?"

"पुष्कळ. त्यात काय एवढं?"

"मग घेत का नाही कुणी?"

"कसं घेणार बाई? तुम्ही झाकण लावताय."

"मी? कधी?"

"दर वेळी! तोंडाने 'घ्या, घ्या' आणि हाताने टपकन झाकण. आम्ही तोंडाचं ऐकायचं, का हाताचं?"

मार्लीसने खाली पाहिलं. डबा बंद होता, आणि झाकणावर तिचाच हात होता.

तिचा तरी काय दोष? एका कपामागे एक बिस्कीट, डबा एकदा फिरला की झाकण. दुसरा कप आला तरच डबा पुन्हा उघडणार. तिच्या आईचं असंच होतं, आजीचंही. याला कंजूषपणा म्हणाल तर आमच्या ड्रेन्थ प्रांतात तुमच्याशी कुणी भांडणार नाही, फक्त पुढच्या वेळी कॉफीला बोलावणार नाही.

तिने झाकण काढलं आणि लांब खिडकीत नेऊन ठेवलं. झालं उलटंच. उघडा डबा बघून सगळे आणखीच अवघडले. "झाकण गेलं म्हणून रीत जाते होय?" हेनी पुटपुटली. मार्लीसला रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात कायपर्स उठले. माणूस पार दक्षिणेकडचा, मास्ट्रिख्टचा; तिकडे ही एका बिस्किटाची रीत नाही. "मी खेळू का?" म्हणाले, चिठ्ठी उचलली, 'मेनी' वाचलं आणि मूठ डब्यात घातली. एक, दोन, तीन करत सात बिस्किटं बाहेर आली. पहिलं तिथेच तोंडात गेलं.

मग यान्ना, स्वभावाने मवाळ असलेली यान्ना, ताडकन उभी राहिली.

"हाऊ मेनी बिस्किट्स?"

"सेव्हन बिस्किट्स!" हेनी किंचाळली. "टू मेनी! टू मेनी बिस्किट्स!"

"अँड हाऊ मच कॉफी?" रूलॉफने टेबलावर हात आपटला. "वन कप! ओन्ली वन कप!"

"नाऊ वुई हॅव ओन्ली अ फ्यू बिस्किट्स!"

सातही जण एकदम बोलत होते, आणि मार्लीस आ वासून ऐकत होती. एकही चूक नव्हती. सहा आठवड्यांत जे फळ्यावरून उतरलं नव्हतं, ते संतापाने घडाघडा बाहेर पडत होतं. हसावं की माफी मागावी, तिला काही सुचेना.

वर्ग निघून गेला तेव्हा कायपर्सांनी वही मिटली. "बाई, इतकं जिवंत बोलणं मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. तुमची नोकरी कायम. पण खरं सांगा, ते झाकण मुद्दाम लावत होतात ना? माणसाला अडवायचं आणि बोलतं करायचं! कुठे शिकलात हे?"

"आईकडे," मार्लीस म्हणाली. आपण खोटं बोललो की खरं, हे तिचं तिलाच कळेना. पण सहा वर्षांचं ओझं उतरलं होतं आणि तिचे डोळे भरून आले होते.

"वा! मग या आनंदात आणखी एक," म्हणत कायपर्सांनी हात पुढे केला.

त्यांची बोटं पत्र्यावर आपटली. खिडकीतलं झाकण परत डब्यावर कधी आलं, देव जाणे. त्यावर मार्लीसचा हात घट्ट होता.

"थांबा हं," ती डोळे पुसत प्रेमाने म्हणाली, "आधी दुसरा कप तर ओतू द्या."