खंबीरराजे यांच्या सूक्ष्म फौजेची हकीकत

श्रीकुलस्वामिनीचे पाय स्मरून, खरेखोटे तिचे पदरी घालून लिहिले ऐसे जे. शके सोळाशे बहात्तर, प्रमोदनाम संवत्सरी, एके दौलतीत खंबीरराजे राज्य करीत होते, आणि लग्नास बारा वर्षे होऊन पाळणा हालेना, आणि दोष अवघा राणी तुळाबाईसाहेबांचे माथी. मग शेजारचे देशमुखांची लेक नवरी ठरली, आठा दिवसांनी अक्षता, आणि बाईसाहेबांनी डोंगरावरील ओसाड गढीत जाऊन राहावे ऐसा हुकूम जाहला. बाईसाहेब बोलिल्या, "जात्ये. पण माझी नाडी बारा वैद्यांनी पाहिली, स्वारींची एकाने नाही. ती आधी परीक्षा व्हावी." राजे मिशीस पीळ देऊन हासले, "होऊ द्या की! आमची फौज मोजता मोजता भानुभटाचे डोळे फुटतील."

हा भानुभट वैद्य दोन कोसांवर राही, आणि त्याजपाशी थोर भिंग होते. मग राजबीज, म्हणजे महाराजांचे वीर्य, चांदीचे कुपीत घालून कुपी पालखीत बसविली, वर छत्र धरिले, पुढे चौघडा, आणि चौकाचौकांत रयतेने मुजरे केले, आणि तिसरे प्रहरी स्वारी पोहोचली. भटाने भिंगास डोळा लाविला तो ओरडला, "सरकार, फौज सारी गारद!" दिवाण नरो अनंत तत्काळ बोलिले, "निघताना बाईसाहेब आडव्या आल्या, त्याचे हे फळ." बाईसाहेबांनी मनी ओळखिले, की पालखीनेच वेळ दवडून, बीज गार पाडून घात केला. मग ताज्या बीजाची दुसरी कुपी त्यांनी आपले कनवटीस उबेत खोचिली, घोड्यावर मांड टाकिली, आणि एका घटकेत भटाचे दारी उतरल्या. भिंगातून पाहतात तो लक्षावधी शिपाई जिवंत, परंतु शेपट्या नुसत्या वळवळतात, तडाखा म्हणून नाही. भट बोलिला, "बाईसाहेब, दर शेपटीस बारीक दरवाजे असतात. त्यांतून चुन्याचा अंश आत शिरला म्हणजे शेपटी चाबकासारखी कडाडते, आणि मगच स्त्रीबीजाचे कवच फुटते. स्वारींचे दरवाजे उपजतच बंद." "मग माझा दोष?" "तिळभर नाही."

दरबारी वृत्त कळताच राजे गरजले, "दरवाजे तोफ लावून उडवा!" "कोठे लावावी, महाराज?" दिवाणांनी अदबीने पुसिले. मग राजांनी चुनाच मागविला, आणि बोट बोट चुन्याचे एकवीस विडे खाऊन तोंड सोलून घेतले. भट कळवळून म्हणे, "महाराज, चुना अंगात उदंड आहे, दारच उघडत नाही!" राजांस बोलवेना, तो मोका साधून बाईसाहेब बोलिल्या, "देशमुखांस खरे मी सांगू, की लग्न स्वारी मोडतात?" राजांनी होकाराची मान डोलविली, आणि नवरीची पालखी वेशीवरून माघारी गेली. दप्तरी लिहिले गेले, की महाराज विरक्तीने लग्न मोडिते जाहले. आणि ओसाड गढीची किल्लेदारी दिवाणांस मिळाली, ते छत्र व चौघड्यासह तेथे रवाना जाहले.

सारांश, बारा वर्षे किल्ल्यास बोल लाविला, आणि दार फौजेचे बंद होते. हकीकत इतकीच.