रहिमानचाचांचा मजबूत उपग्रह

चिंचवडमधील रहिमानचाचांच्या कारखान्यातून आपला उपग्रह बाहेर आणावयास चार माणसे लागत आहेत, हे पाहून सयाजीच्या अंतःकरणात शंकेने प्रवेश केला. सन १९७९ची त्याची अभियांत्रिकीची अंतिम परीक्षा या उपग्रहावरच अवलंबून होती. दुसऱ्या दिवशी रावेतच्या माळावर प्रत्येक गटाचा उपग्रह मोठ्या फुग्यास बांधून वर सोडावयाचा होता आणि तेथून त्याने तापमान रेडिओद्वारे कळवावयाचे होते. आतील यंत्र सयाजीने स्वहस्ते जुळविले होते. बाहेरची पेटी मात्र चाचांवर सोपविली होती, आणि चाचा आजन्म ट्रकच्या बॉड्या बांधीत आले होते.

"चाचा, मी दोन किलोची सांगितली होती."

"बेटा, दोन किलोत टिफिन होतो. एवढ्या उंच जाणार, धक्के बसणार. कोपऱ्यांना लोखंडी अँगल दिलाय."

"टेम्पोतनं पडला तर टेम्पोच मोडंल, राव," कारागीर दत्तोबाने ग्वाही दिली.

"झाकण उघडा. यंत्र तरी काढून घेतो."

"रिव्हेट मारलेत. एरियल तेवढी बाहेर ठेवलीय," चाचा म्हणाले. "आमच्या मालाचं झाकण आजवर उडालं नाही."

गॅसने कापावे, तर आतील यंत्र जळाले असते. निरुपाय होऊन सयाजीने टेम्पो बोलाविला.

माळावर दुर्दैवाने पहिली पाळी त्याचीच आली. फुग्याने पुष्कळ ओढ घेतली. उपग्रह स्थितप्रज्ञासारखा बसून राहिला.

"सयाजी, क्रेन सांगून ठेव, भावा," एक सहाध्यायी म्हणाला.

इतक्यात वारा उठला. फुग्याच्या दोराची खुंटी उपटली गेली आणि दोर धरलेले विद्यार्थी फरफटत चालले. उपग्रह तसूभरही हलला नाही, म्हणून फुगाही गेला नाही.

"सोडू नका त्याला," प्राध्यापक अण्णासाहेब धापा टाकीत म्हणाले. "तिथंच राहू द्या."

त्यानंतर लांब दोराचे टोक सयाजीच्या उपग्रहास बांधून इतर सर्व उपग्रह पाळीपाळीने वर जाऊन आले.

सायंकाळी अण्णासाहेबांनी त्यास बोलाविले.

"तुझा वर गेला नाही."

"नाही, सर."

"पण जमिनीचं तापमान दिवसभर बिनचूक सांगत होता. आणि तो नसता, तर बाकीचेही गेले नसते. पास."

पुढील वर्षी अण्णासाहेब स्वतः चिंचवडच्या कारखान्यात उपस्थित झाले.

"तसाच आणखी एक हवा. आत यंत्र नको."

चाचांच्या मुद्रेवर चिंता उमटली.

"रिकामा वर जाऊन खडखडेल, साहेब. काँक्रीट भरून देऊ का?"

अण्णासाहेबांनी क्षणभर विचार केला.

"भरा," ते म्हणाले.