नलवडे सरांच्या खोलीचं छत

नलवडे सर निवृत्त झाले त्या दिवसापासून त्यांच्या खोलीचं छत दर आठवड्याला चार बोटं खाली येत होतं, आणि फेब्रुवारीत त्यांना पलंग काढून गादी जमिनीवर टाकावी लागली. घरातली बाकीची छतं जागेवर होती. सर रांगत जेवायला येत आणि रांगत परत जात.

त्यांच्या मुलाला, विक्रांतला, याचं नवल नव्हतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी होस्टेलवर त्याचंही छत असंच उतरलं होतं. तेव्हा हेच सर फोनवर म्हणाले होते, "मग वाकून चालायचं!" काका म्हणाले, नाटकं. मामा म्हणाला, मोबाईल कमी कर. अख्ख्या खानदानात एकानेही मान वर करून पाहिलं नाही. विक्रांत कॉलेज सोडून घरी आला, तर छतही मागोमाग आलं. मग तो रोज सकाळी टेकडी पळत चढायला लागला, आणि सहा महिन्यांनी त्याला आपल्या खोलीत ताठ उभं राहता आलं. खानदान त्याला अजूनही वाया गेलेलाच म्हणतं.

नगरपालिकेच्या ओव्हरसियर पिसाळ मॅडम आल्या, दारात पालथ्या झोपल्या आणि त्यांनी टेप लावली.

"तीन फूट एक इंच. दोन फुटांखाली गेलं की खोली सील होते, सर."

"आणि मी?"

"तोवर बाहेर आला नसाल तर आतच."

"टेकू लावला तर?"

"टेकूने छत थांबत नाही, फरशी खचते. रोज पाऊण तास व्यायाम करा. हा तक्ता भरा. मी महिन्याने येते."

सरांनी तक्ता त्याच दुपारी भरला. सगळ्या महिन्याचा, झोपूनच. तीस सह्या, तीन वेगवेगळ्या पेनांनी. बत्तीस वर्षं पी.टी.चा तास कागदावर दाखवून त्यात गणित घेणारा माणूस तो, त्याला यात वावगं काय वाटणार? छताने मात्र तक्ता वाचला नाही. उलट वेग वाढवून पंधरवड्यात ते सव्वादोन फुटांवर आलं. कूस बदलताना सरांचा खांदा घासायला लागला.

विक्रांतने दारातून डोकं आत घातलं. "अण्णा, बाहेर या."

"बाहेर येऊन काय करू?"

"चाला."

"चालून मनाचं काय होणार, गाढवा? मन खंबीर पाहिजे."

"मग लावा की ते खंबीर मन छताला. बघू थांबतंय का."

आत गादी खरखरली. मग सर म्हणाले, "विकी, मला रांगता येईना रे."

विक्रांतने त्यांना गादीसकट बाहेर ओढलं. आईने बूट पुढे ठेवले.

पहिल्या दिवशी ते पाण्याच्या टाकीपर्यंत गेले. चौथ्या दिवशी टेकडीच्या पायथ्याशी सर दगडावर बसले. "बास. म्हातारा मरेल."

"आत पडून काय वेगळं करत होता? उठा."

छत अकरा दिवस वर गेलं नाही, पण खालीही आलं नाही. विक्रांत रोज वीत लावून मोजायचा. बाराव्या दिवशी ते बोटभर वर होतं.  सरांनी दारातच वीस बैठका मारल्या, कुणी न सांगता.

चालणं सुरू होऊन महिना भरल्यावर मॅडम उशिराच आल्या, तेव्हा त्यांना त्या खोलीत उकिडवं बसता आलं. मे अखेरीला त्यांची टेप संपली. त्यांनी रकान्यात 'पुरेसं' लिहिलं आणि चहा घेऊन गेल्या.

जूनमधल्या एका सकाळी टेकडीवरून आल्यावर विक्रांतने खोलीत डोकावलं. खिडक्या बंद होत्या, तरी वरून गार वारा येत होता. चुन्याचा पांढरा रंग इतका लांब गेला होता, की निळसर दिसत होता. सर फरशीवर उताणे पडले होते.

"ये. पड इथे," ते सरकत म्हणाले.

विक्रांतकडे दोन वर्षं साठवलेलं, अण्णांना सुनावायचं पुष्कळ होतं. आडवं पडल्यावर त्यातलं काहीच ओठांवर येईना. खूप वर, अगदी सावकाश, एक घार फिरत होती.

"दिसतेय का?"

"दिसतेय, अण्णा."

"छताच्या खालीच आहे ना ती?"

विक्रांतने डोळे बारीक केले.

"बरीच खाली."