कागदमुक्त वायनरी

“प्रमाणपत्र आपल्या खिशात आहे!” वायनरीच्या मालकांनी जाहीर करून टाकलं.

मालकांनी एकदा जाहीर केलं की ते मागे घेत नसत, हीच तर अडचण होती. पर्यावरणाचं प्रमाणपत्र मिळालं तरच बडा खरेदीदार यंदाची वाइन उचलणार होता. नाहीतर भरलेल्या टाक्यांकडे वर्षभर बघत बसायचं! म्हणून मालकांनी हलक्या बाटल्या आणल्या, टाक्या धुतलेलं पाणी गाळून वेलींना सोडलं आणि तपासणीच्या चार महिने आधी शेवटची टूम काढली. कागदमुक्त ऑफिस!

“अहो, खड्ड्यात टाकायला मला कोरडं काहीतरी हवंय,” मालकीणबाई म्हणाल्या. खताचं खातं त्यांच्याकडे होतं, आणि रस काढलेल्या द्राक्षांच्या ओल्या चोथ्याला नुसता वास सुटला होता.

“कोरडं? हे घे!” मालकांनी फायलींचं कपाट उघडलं आणि कारकुनाला विचारलं, “सगळं कॉम्प्युटरवर घेतलंत ना?”

“एकूण एक, साहेब!”

झालं! अख्खं कपाट फाडून खड्ड्यात गेलं.

तपासणीला आलेल्या बाई फार शांत होत्या. त्यांनी बाटल्या तोलून पाहिल्या, मान डोलावली आणि म्हणाल्या, “आता तीन वर्षांच्या पाणीवापराच्या नोंदी दाखवा.”

मालकांनी ऐटीत कॉम्प्युटर लावला. फाईल एक, पाण्याच्या नोंदी. फाईल दोन, पाण्याच्या नोंदी. अशी छत्तीस फायलींची सुबक यादी.

“आणि आतलं?” बाईंनी विचारलं.

“आतलं?” कारकून गडबडला. “साहेब म्हणाले, सगळ्या फायली घ्या. मी सगळ्यांची नावं टाइप केली, एकही सोडली नाही!”

मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्याचीही नोंद कुठे नव्हती.

सगळी वरात खड्ड्यापाशी आली. मालकांनी स्वतः फावडं मारलं. काळंभोर, भुसभुशीत खत वर आलं आणि त्यात कागदाचा एकच कपटा. त्यावर ‘लिटर’ एवढंच वाचता येत होतं. किती, ते गांडुळांना ठाऊक!

बाईंनी मूठभर खत हुंगलं. “अप्रतिम!”

मालकांच्या जिवात जीव आला. “म्हणजे प्रमाणपत्र...?”

“नोंदी नाहीत, तर प्रमाणपत्र नाही. पुढच्या वर्षी बघू.”

मालकांना रडूच यायचं बाकी राहिलं होतं. बाई मात्र मालकीणबाईंकडे वळल्या. “यातलं एक पोतं विकत द्याल?”

“देते की!” मालकीणबाई पोतं भरू लागल्या. “नोंदी त्यातच आहेत. घरी गेल्यावर सावकाश चाळून बघा.”