एक डाव सोडा

मुलांनो, डोळे मिटा आणि चाकांच्या खुर्चीत बसा. बसलात? आता बस पकडायची आहे. सोपं वाटतंय ना? मग ऐका.

आजोबा निवृत्त बसड्रायव्हर. नातीला घरात सगळे भिंगरी म्हणत. तिचे पाय चालत नसत, पण ती खुर्ची अशी फिरवायची, की टेबलाचे पाय जीव मुठीत धरून उभे राहत!

सोमवारी सकाळी नऊला नव्या शाळेची प्रवेशपरीक्षा होती. आई म्हणाली, "बसनं वेळेवर पोचली तर शाळा, नाहीतर घरीच अभ्यास. रोज सोडायला मला कोण सुट्टी देणार?"

"तीन दिवस दे!" आजोबांनी मिशीला पीळ दिला. "अशी तयार करतो, की बसच हिला शोधत येईल!"

त्यांनी पुठ्ठ्यावर खेळ आखला. शंभराव्या घरात शाळा, खुर्ची म्हणून शर्टाचं बटण. खड्डा आला, दोन घरं मागे. खुर्ची चढवायची बसची उतारफळी अडकली, एक डाव सोडा. ड्रायव्हर घाईत, एक डाव सोडा.

"आजोबा, मी खेळायचं कधी? नुसते डावच सोडतेय!"

"खरी बस अशीच असते, बाळ. चिडायचं नाही. आपली पाळी येते."

रविवारपर्यंत भिंगरीने आजोबांना अकरा वेळा हरवलं, तेही एकदाही न चिडता!

सोमवारी आठ वाजता दोघं थांब्यावर हजर. पहिली बस आली. कंडक्टर दारातून ओरडला, "फळी अडकलीय, आजोबा! मागची रिकामी आहे!" मागची खरंच रिकामी होती. ती थांबलीच नाही.

"दोन डाव सोडले," भिंगरी शहाण्यासारखी म्हणाली.

तिसरी थांबली, पण फुटपाथपासून चांगली लांब. धडधाकट माणसं उड्या मारून चढू लागली. ड्रायव्हरने खिडकीतून हात हलवला. "घाई आहे हो! पुढची घ्या!"

"आजोबा, हाही सोडायचा ना?"

पावणेनऊ वाजले होते. 'पुढची घ्या' हे शब्द आजोबांचेच होते. तीस वर्षं तेही असाच हात हलवत आले होते. खेळातला नियम आपल्याला कुठून सुचला, ते त्यांना आत्ता कळलं.

"नाही बेटा," ते मान खाली घालून पुटपुटले. "तो नियम... मी चुकीचा लिहिला."

भिंगरीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. गर्रकन खुर्ची वळवली, फुटपाथच्या उतारावरून खाली उतरली, उभ्या बसच्या थेट नाकासमोर गेली आणि दोन्ही ब्रेक लावून म्हणाली,

"काका, आता एक डाव तुम्ही सोडा!"