आजारी टमाट्यांचा वॉर्ड

आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजात गेलं नाही, आणि पत्रापलीकडं काही लिहायची वेळही कुणावर आली नाही. त्यामुळे एका वडीलधाऱ्या माणसाविषयी चार पानं लिहायला मी बसलो, हा आगाऊपणाच आहे. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. हैबतराव कंपाउंडर यांच्याविषयी दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून धीर केला.

परभणीत मी बी.ए.ला होतो तेव्हा त्यांच्या वाड्याला लागून एका खोलीत भाड्यानं राहत होतो. वाडा म्हणजे दोन खोल्या आणि पुढं अंगण. सकाळी दात घासायला बाहेर आलो की हैबतराव पांढरी टोपी घालून अंगणात फिरत असत. भिंतीकडेनं डालड्याचे जुने डबे मांडलेले, प्रत्येकात एकेक टमाट्याचं झाड. ते एकेका झाडापाशी वाकायचे, पान उलटून बघायचे आणि पुटपुटायचे. सरकारी दवाखान्यात सारी नोकरी कंपाउंडर म्हणून केलेली. निवृत्त झाल्यावर दवाखाना सुटला, पण सकाळची फेरी सुटली नाही.

त्यांच्याकडं एकही धड झाड नव्हतं. कुणाचं पिवळं, कुणाचं मुरडलेलं, कुणाला मावा लागलेला. एकदा मी गावाहून, ताडकळसहून, चांगलं टवटवीत रोप आणून दिलं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत बघितलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"कॉलेजवाले, ह्याला काय झालंय?"

"काही नाही, चांगलं आहे."

"मग दवाखान्यात कामून आणलं?"

समोरच्या शांताबाई आपलं झाड घेऊन आल्या, तेव्हा मी ओट्यावर वाचत बसलो होतो. हैबतरावांनी त्यांना दारातच थांबवलं.

"पाणी किती पाजता?"

"दिसलं की पाजते."

"म्हणजे दिवसभर. खालची पानं पिवळी पडलीत, मुळ्या श्वास घेईनात. डब्याला भोकं पाडलीत का?"

"न्हाई बा. पाणी वाहून जाईल ना."

"जाऊ द्या की. मरीज बुडायलाय तुमचा."

"मला आठ दिस झाले ताप हाय, ते कुणी इचारंना," शांताबाई म्हणाल्या. "टमाट्याची मात्र चौकशी."

"तुमी बोलता. हे बोलत न्हाई," हैबतराव म्हणाले आणि झाड आत घेतलं.

त्यांच्या पाणी घालायच्या बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली होती, दवाखान्यातल्या औषधाच्या बाटलीवर डोसाच्या खुणांसाठी असते तशी. एक खूण सकाळी, एक सूर्य कलल्यावर. माव्याला राख, किडीला लिंबोळीचं पाणी. मोडलेल्या फांदीला तुराटीची काडी लावून वर बँडेजची चिंधी. झाड बरं झालं की ते मालकाला परत. सोबत पथ्याची बजावणी ठरलेली: "औषध एक आणा, परहेज तीन आणे."

उन्हाळ्यात एका दुपारी मला राहवलं नाही. सगळ्या झाडांनी माना टाकलेल्या. मी तांब्या घेऊन निघालो, तर हैबतराव उघड्या डोक्यानं धावत आले.

"थांबा. दुपारी मान टाकलेल्याला पाजायचं नसतं. सांजच्याला बघा. सांजच्याला उठलं तर ते नुसतं दमलेलं होतं."

"आणि नाही उठलं तर?"

"तर सकाळी बघा," ते म्हणाले. "लगेच गेलं म्हणायचं नसतं."

संध्याकाळी झाडं खरंच उठली. हैबतराव आतल्या खोलीच्या खिडकीपाशी गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "उठलं हो." हे ते रोजच करत. मला ते त्यांचं मोठेपणा मिरवणं वाटायचं.

मग त्यांची कंबर धरली. एक डबा आत नेऊन ठेवायला त्यांनी मला हाक मारली. त्यांच्या बायकोला, काकूंना, मी तोवर पाहिलं नव्हतं. भिंतीकडं तोंड करून त्या पडल्या होत्या. मी डबा खिडकीत ठेवला. त्या वळल्या नाहीत, पण आवाज आला, "हे उठंल का?"

"बघू या. सांजच्याला सांगतो," हैबतराव म्हणाले.

अंगणात येऊन ते ओट्यावर बसले आणि सांगू लागले. त्यांची एकुलती लेक सोनपेठला दिली होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा तिनं अंगणात टमाट्याचं एक रोप लावलं. बाळ-बाळंतीण दोघंही राहिली नाहीत. तेव्हापासून काकू उठल्या नव्हत्या, बोलत नव्हत्या.

"पोरीच्या झाडानं एक दिवस मान टाकली," ते म्हणाले. "तवा इतक्या महिन्यांत पयल्यांदा बोलली. उठलं का म्हणली."

"आणि ते झाड?"

"ते उठलं न्हाई. मी उठलं म्हणून सांगितलं." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मंग दुसरं आणलं. चांगल्या झाडाचं ती इचारत न्हाई, कॉलेजवाले. आजारी आसलं तरच इचारती."

त्यानंतर संध्याकाळी खिडकीपाशी ते बोलत असले की मी पुस्तकातून डोकं वर काढत नसे.

बी.ए. होऊन मला जिंतूरकडं शाळेत नोकरी लागली. परभणी सुटली. हैबतरावांना पत्र लिहावं असं फार वाटे, पण काकूंची खुशाली विचारायचं धाडस होत नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात जिंतूरच्या एस.टी. स्टँडवर शांताबाई भेटल्या. लेकीकडं आल्या होत्या.

"तुमचा दवाखाना बुडाला की," त्या म्हणाल्या.

काकू कशा आहेत, असं मी कसंबसं विचारलं.

"तिनंच तर बुडवला. भर दुपारी बादली घेऊन बाहेर आली. झाडांच्या माना पडलेल्या. म्हणली, लेकरावानी झाडं तहानली, कुणाचं ध्यान न्हाई. सगळ्या डब्यांत वतलं. आता रोज वततीया."

"हैबतराव काही म्हणाले नाहीत?"

"दारात हुभे ऱ्हाऊन बघत्यात. निम्मी झाडं कुजली." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "अन् परवा माझ्या दारात हजर, डोक्यावर टोपी घालून. म्हणले, शांताबाई, वॉर्डात लय खाटा रिकाम्या झाल्यात. कुणाकडं झाड आसंल तर सांगा, चांगलं आसलं तरी चालंल."